दीड माणूस

बादली तिची होती, यात शंका घ्यायला जागा नव्हती. नारिंगी, कानाशी तडा गेलेली, आणि तड्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन वेढे. बाकीचं घर यिन्चूनं आधी ओळखलंच नव्हतं. शिंचू जिल्ह्यात कुठल्या वस्तीत कुठलं घर काय भाड्यानं निघालंय ते जाहिरातींतून टिपून घ्यायचं आणि दर तीन महिन्यांनी त्याचं एक पानी पत्रक काढायचं, हे दलालाच्या ऑफिसातलं तिचं काम. शेकडो मोऱ्या, शेकडो खिडक्या डोळ्यांखालून जात, आणि भाजीवाल्याला कोबी दिसावा तशी तिला आता घरं दिसत. ‘तीन मजले, हवेशीर, सायन्स पार्कपासून बारा मिनिटं. कुत्रा नको, देव्हारा नको.’ रकान्यात तिनं छत्तीस हजार युआन लिहिले, पुढचा फोटो उघडायला बोट उचललं, आणि बोट तसंच राहिलं. बादली. मग बादलीमागची निळी फरशी. मग खिडकीची जाळी, फाटली तेव्हा आईनं मासे पकडायच्या दोऱ्यानं शिवलेली. गुरुवारची सकाळ होती, साडेदहा वाजले होते, बाहेर शरदातला तो कोरडा वारा सुटला होता, खिडक्या थडथडत होत्या, आणि यिन्चू स्वतःच्या मोरीचं भाडं छत्तीस हजार लिहून बसली होती. ती चौदा देत होती.

तिसऱ्या मजल्याचाही फोटो होता. खाली लिहिलं होतं, ‘अभ्यासाची खोली’. काढणाऱ्यानं भिंतीला पाठ लावून, अंग चोरून असा कोन साधला होता की समोरचं लाल लाकडी आसन, त्यावरचे दोन लाल दिवे आणि मधोमध ठेवलेली त्साई घराण्याच्या पितरांची पेटी, यातलं काही म्हणता काही दिसू नये. फक्त छताच्या कोपऱ्यात धुराचा काळसर डाग राहून गेला होता. म्हणजे गेल्या आठवड्यात घरमालकिणीचा मुलगा च्यामिंग ‘गळतंय का बघतो’ म्हणून वर गेला होता तो यासाठी. चहा नको म्हणाला, बूट न काढता मोबाईल घेऊन मजल्या-मजल्यावर हिंडला, आणि जाताना म्हणाला, ‘ताई, घर छान ठेवलंयत हो.’ जाहिरातीच्या शेवटी एक ओळ होती : ‘गेल्या तिमाहीत या भागातली भाडी नऊ टक्क्यांनी वाढली असून हा कल टिकून राहील.’ ती ओळ तिची होती. तिच्या पत्रकातली, शब्दही न बदललेली. ती लिहिताना ‘कल टिकेल असं वाटतं’ एवढंच तिनं लिहिलं होतं. ऑफिसचे मालक, को साहेब, म्हणाले होते, ‘बाई, वाटतं-बिटतं काढा. आकडा वर गेलेला दिसला की लोकांना बरं वाटतं.’ तिनं काढलं होतं. आपल्या हातानं आपल्याच छपराची कौलं उतरवावीत, तसं झालं होतं. तरी घर जाण्याची भीती तिच्या ओळखीची होती, लहानपणापासून अंगवळणी पडलेली. ही भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. घर द्यायचं तर पितरांना हलवायला हवं, हलवायचं तर पेटी उघडायला हवी. आणि त्या पेटीत यिन्चूची आई होती, हे जगात यिन्चूशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं.

दुपारी घरमालकिणीचा, त्साई काकूंचा, फोन आलाच. ‘यिन्चू, जेवलीस का?’ त्यांची सुरुवात नेहमी अशीच. ‘रविवार चांगला आहे बघ. पंचांग बघून घेतलंय मी. च्यामिंग गाडी घेऊन येतोय, मीही येते. त्यांना विचारून टाकू या एकदाचं. माझं वय झालं ना गं, मला ते जवळ हवेत.’ ‘त्यांना’ म्हणजे वरच्यांना. ‘हो काकू,’ ती म्हणाली. ‘फळं आणू का?’ ‘फळं च्यामिंग आणील. तू फक्त कप स्वच्छ करून ठेव.’ घराचं काय, ते काकूंनी काढलं नाही, तिनंही विचारलं नाही. अकरा वर्षांत त्या दोघी घराविषयी कधी बोललेल्याच नव्हत्या. बोलायच्या त्या गुडघ्यांविषयी, पितरांविषयी, आणि वाऱ्याविषयी.

स्वस्त घर म्हटलं की कुठंतरी खोट असतेच. या घराची खोट तिसऱ्या मजल्यावर बसलेली होती. अकरा वर्षांपूर्वी काकू-काका मुलाकडे ताइपेला राहायला निघाले तेव्हा पितरांनी यायला साफ नकार दिला होता. कौल लावला, एकदा नाही, नऊ वेळा. नाही म्हणजे नाही. मग काकूंनी भाडेकरू शोधला तो असा, की जो सकाळ-संध्याकाळ वर चढून उदबत्ती लावील, पहिल्या आणि पंधराव्या तिथीला भात-मासा-फळ ठेवील, आणि त्याबद्दल निम्म्यानं भाडं देईल. लोक येत, वर जात, लाल दिवे बघत आणि ‘कळवतो’ म्हणून निघून जात. दुसऱ्याचे मेलेले डोक्यावर घेऊन कोण झोपणार? यिन्चूची आई आली, तिनं नळ सोडून बघितला, भिंतीला तळहात लावून ओल बघितली, कपाटात डोकं घालून वास घेतला, आणि मग वर जाऊन पेटीपुढं उभी राहिली. खाली आल्यावर म्हणाली, ‘चांगली माणसं दिसतात.’

घर बघायची आईची ती रीतच होती. नळ, भिंत, वास. यिन्चू सहा वर्षांची असताना बापानं दोघींना काढलं, आणि तेव्हापासून आईचं बोट धरून किती जिने चढली याचा तिला हिशेब नव्हता. घरं मात्र मोजलेली होती, चौदा. खानावळीच्या वरची खोली, जिच्या जमिनीतून डुकराच्या चरबीचा वास यायचा. शेवया वाळत घालायच्या अंगणातली पत्र्याची खोली, जिथं वाऱ्यानं रात्रंदिवस पत्रा वाजायचा आणि आई म्हणायची, वारा आहे म्हणून शेवया वाळतात, शेवया वाळतात म्हणून आपण जेवतो, त्याला शिव्या देऊ नकोस. प्रत्येक दारात घरमालक आधी बाईकडे बघायचा, मग तिच्या मागं कोणी पुरुष आहे का ते बघायचा, आणि विचारायचा, ‘किती माणसं?’ आई म्हणायची, ‘दीड.’ त्या ‘दीड’वर काही जण हसत आणि घर देऊन टाकत. नाही हसले तर आई तिला पुढं ओढून म्हणायची, ‘गप्प असते. त्रास नाही व्हायचा.’ आणि यिन्चू गप्प असायची. गप्प बसणं हे तिचं अर्ध्या माणसाचं भाडं होतं. पुढं ती मोठी झाली, नोकरीला लागली, भाडं तीच भरू लागली. तरी कोणी किती माणसं विचारलं की तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आधी मानेत एक जुना ताठरपणा यायचा, आता पुढं ओढतील म्हणून.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीसारखी वर गेली. तीन उदबत्त्या लावल्या, कपाळाशी नेल्या, रक्षापात्रात खोचल्या. मग स्टुलावर चढून पेटीला हात लावला. पुढची फळी वर सरकते, हे बघून तिला चार वर्षं झाली होती. त्साई काका जाऊन वर्ष झालं तेव्हा त्यांचं नाव पितरांत घालायला पुरोहित आला होता. मुहूर्त काढून, विचारून, फळी सरकवून त्यानं आतल्या बोटभर रुंदीच्या लाकडी पट्ट्या एकेक करून बाहेर काढल्या, प्रत्येकीवर एक नाव, जन्म, मृत्यू, आणि काकांची नवी पट्टी घालून सगळी माणसं पुन्हा पत्त्यांच्या जोडासारखी एकत्र केली. यिन्चू तबक धरून उभी होती. तिची आई जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. शेवटी शेवटी डॉक्टर म्हणाले होते, न्यायचं तर आज घरी न्या. माणसाचा शेवटचा श्वास घरच्या उंबऱ्याआत जावा म्हणून सगळेच नेतात. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्याच दुपारी चार मुलगे घेऊन गेले होते. आई नळ्यांतून म्हणाली, ‘नको. लोकांचं घर आहे. आपण मेलो तर त्यांना पुन्हा भाड्यानं देता यायचं नाही.’ ती दवाखान्यातच गेली. यिन्चू मामाकडे गेली, आईचं नाव माहेरच्या देव्हाऱ्यात घ्या म्हणून हात जोडले. मामा दारातच म्हणाले, ‘दिलेली मुलगी परत घेत नसतात. जिवंतपणी नाही घेतली, आता मेल्यावर कुठली घेणार?’ आईची राख सरकारी मनोऱ्यात पाचव्या मजल्यावर, एका नंबराच्या कप्प्यात. नाव कुठंच नाही. आणि इथं ही पेटी, जिच्यापुढं आईनं सात वर्षं, एक दिवस न चुकता, गुडघे धरून तिसरा मजला चढून उदबत्ती लावली होती. काकांची पट्टी घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी यिन्चूनं ऑफिसातली कॉफी ढवळायची लाकडी पट्टी आणली, बारीक कुंचल्यानं तिच्यावर श्ये आ-बुआन असं नाव लिहिलं, जन्मतिथी लिहिली, मृत्युतिथी लिहिली, आणि फळी सरकवून सगळ्यांच्या मागं, भिंतीच्या बाजूला, खोचून दिली. विचारलं कोणालाच नाही. आईनंच शिकवलं होतं, विचारलं की नाही म्हणतात.

आता तेवढी पट्टी काढून घ्यायची. दोन मिनिटांचं काम. आज काढली की रविवारी पेटी उघडो, हलो, ताइपेला जावो, कोणाला काही कळायचं नाही. तिची बोटं फळीच्या कडेवर होती, कडेला धुळीचा बारीक थर होता, आणि बोटं वर सरकेनात. आजवर लोकांनी आईला घर सोडायला लावलं होतं, चौदा वेळा. पंधराव्या वेळी तिला बाहेर काढणारा हात हा असणार होता, या बोटांचा, ज्यांना आईनं भात खायला शिकवलं. ती स्टुलावरून खाली उतरली. निदान विचारावं तरी. आसनावरचे कौलाचे दोन ठोकळे तिनं उचलले, लाल लाकडाचे, चंद्रकोरीसारखे, एका अंगाला सपाट आणि दुसऱ्या अंगाला फुगीर, हातांच्या तेलानं काळे पडलेले. एक उताणा आणि एक पालथा पडला तर ‘हो’. दोन्ही पालथे, ‘नाही’. दोन्ही उताणे पडून डोलत राहिले तर वरचे नुसते हसले, उत्तर दिलंच नाही. ‘आई, तुला काढू का?’ म्हणून तिनं टाकले. दोन्ही उताणे, डोलत राहिले. पुन्हा टाकले. पुन्हा डोलले. शनिवारीही तेच. आई हसत होती. त्या शेवयांच्या अंगणात पत्रा उडून गेला त्या दिवशी आई अशीच हसली होती, आभाळाकडे बघून, ओल्या चटईवर बसून, आणि यिन्चू रडत होती. ‘हसू नकोस,’ ती शनिवारी मोठ्यांदा म्हणाली, ‘माझं घर जाईल गं.’ मग तिला वाटलं, घर तर जाणारच आहे. मी भीत्येय ते चोरी सापडायला. आणि तिनं पट्टी काढली नाही. ही चूक होती, हे तिला तेव्हाही कळत होतं.

रविवारी वारा इतका होता की काकूंना गाडीतून उतरताना दोघांनी धरावं लागलं. शहात्तर वर्षांच्या, केस काळे केलेले, अंगात जांभळं जाकीट. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला शिव्या देत त्या वर आल्या आणि आल्याआल्या च्यामिंगची पिशवी उघडून बघितली. ‘हे काय आणलंस?’ ‘पेरू. चांगले गोड आहेत.’ ‘अरे गाढवा, पेरू कोणी देवापुढं ठेवतं का? पेरूच्या बिया कुठून कुठं जातात आणि कुठं उगवतात, ठाऊक नाही तुला? इतकं शिकवलं ते कशाला?’ ‘आई, विटामिन सी असतं त्यात.’ ‘तुझ्या आजोबांना मरून चाळीस वर्षं झाली. विटामिन कशाला हवंय त्यांना?’ यिन्चू हसली. तिनं सफरचंदं आणलेली होती, ती ठेवली. चहाचे तीन कप भरले. च्यामिंग भिंतीला टेकून खोलीची रुंदी नजरेनं मोजत होता, टेबल इथं, पलंग तिथं. तो वाईट माणूस नव्हता. ताइपेत तोही हप्ते भरत होता. ‘ताई, गैरसमज नको,’ तो हळूच म्हणाला, ‘पण बाजारच असा आहे. तुमच्याच ऑफिसचं पत्रक वाचलं मी.’ ‘मीच लिहिते ते,’ यिन्चू म्हणाली. ‘अरे वा,’ तो म्हणाला, आणि त्याला खरंच कौतुक वाटलेलं दिसलं.

काकूंनी ठोकळे हातांत घेतले. च्यामिंगच्या घरी लिफ्ट आहे, तुमच्यासाठी पूर्वेला तोंड करून जागा केलीय, मी स्वतः रोज उदबत्ती लावीन, येता का? दोन्ही पालथे. पुन्हा विचारलं. एक ‘हो’ पडला. काकूंचा चेहरा उजळला. तीन लागोपाठ हवेत. पुढचा ‘नाही’. ‘आई, शेवटच्या दोनात एक आलं की. अर्धी मतं पडली.’ ‘ही काय तुझ्या कंपनीची मीटिंग आहे?’ पुन्हा. नाही. पुन्हा. हसले. काकू कारणं शोधू लागल्या : दिवस चुकला का? गाडी छोटी वाटते का? पैशाच्या लोभानं चाललोय म्हणून रागावलात का? ठोकळे जमिनीवर पडून वाजत, आणि दर वाजण्याला यिन्चूच्या छातीत काहीतरी उचललं जाई. नाही. नाही. नाही. तिला आनंद होत होता. लाज वाटावी असा, भुकेसारखा आनंद. त्यांनी यायला नकार दिला तर ते इथंच राहणार. ते राहिले तर उदबत्ती लावायला कोणीतरी हवं. आणि सायन्स पार्कातला कुठला इंजिनियर दुसऱ्याच्या आजोबांना उदबत्ती लावणार होता? ती राहणार होती. आई राहणार होती. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तिला सहा वर्षांची असल्यापासून येत होतं. मधेच तिला वाटलं, ठोकळे आईच फिरवत्येय, तिथं मागं भिंतीशी बसून, हसत. अर्धा तास झाला. उदबत्त्या संपल्या, तिनं नव्या लावल्या. च्यामिंग म्हणाला, ‘पुरोहिताला बोलावू या का?’, आणि तिनं पेटीकडे बघितलं. पण काकूंनी हात वर करून त्याला थांबवलं.

मग काकू गुडघ्यांवर बसल्या. बसताना त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं, च्यामिंग धावला, त्यांनी त्याला ढकललं. ‘माझ्यावर राग आहे का तुमचा?’ त्यांनी विचारलं. आवाज एकदम वेगळाच, लहान झालेला. टाकले. एक उताणा, एक पालथा. हो. मग उचलून पुन्हा टाकले. हो. तिसऱ्यांदा टाकले तेव्हा एक ठोकळा आसनाच्या पायावर आपटून गरकन फिरला, फिरत राहिला, आणि पालथा पडला. दुसरा आधीच उताणा होता. हो. सकाळपासून लागोपाठ तीन पडले ते हे. ‘मी काय केलं?’ काकू म्हणाल्या. ‘बावन्न वर्षं सून आहे मी या घरची. सासूनं सांगितलेली तुमची एक तिथी चुकवली नाही. गुडघे गेले म्हणून गेले हो ताइपेला, मजा मारायला नाही गेले. मेल्यावर मला तरी घ्याल ना आत? का मलाही नाही म्हणाल?’ आणि त्या रडू लागल्या, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारख्या, जांभळ्या जाकिटाच्या बाहीनं नाक पुसत. यिन्चूच्या डोळ्यांपुढं दारात उभे राहिलेले मामा आले. काकांच्या वेळचं ते तबक अजून आपल्या हातांत आहे असं तिला वाटलं. ही बाई आता इथून उठून ताइपेला जाईल, आणि उरलेली सगळी वर्षं, लिफ्टमध्ये, जेवताना, पडल्या पडल्या, आपल्याला आत घेणार नाहीत हे मनात घोळवत जगेल. आणि ते खोटं आहे हे एकट्या यिन्चूला ठाऊक असेल, आणि ती चौदा हजारांत या घरात राहत असेल.

‘काकू, तुमचा दोष नाही,’ ती म्हणाली. ‘आत एक माणूस जास्त आहे.’

कोणाला आधी कळलंच नाही. तिला पुन्हा सांगावं लागलं. ‘माझी आई. मी तिचं नाव आत ठेवलंय.’ च्यामिंग पुढं आला. ‘म्हणजे? पेटीत? आमच्या?’ तो एकदा आईकडे बघे, एकदा पेटीकडे. ‘पोटभाडेकरू! चार वर्षं पोटभाडेकरू ठेवलाय यांनी, तोही आमच्या आजोबांच्या शेजारी! करारात सरळ लिहिलंय, ताई, तिसऱ्या माणसाला—’ ‘च्यामिंग, तोंड बंद कर,’ काकू म्हणाल्या. त्या जमिनीवरच बसून होत्या. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘कधी?’ ‘काकांचं नाव घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.’ ‘कशावर लिहिलंस?’ ‘कॉफी ढवळायच्या पट्टीवर.’ काकूंच्या घशातून एक आवाज आला, तो हसण्याचा का रडण्याचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ‘बुआनताई जन्मात कॉफी प्यायली नाही,’ त्या म्हणाल्या. आणि मग, ‘मला विचारायचं होतंस.’ ‘तुम्ही नाही म्हणाला असतात.’ काकूंनी जरा विचार केला. ‘हो. नाहीच म्हणाले असते,’ त्या म्हणाल्या, आणि ठोकळे तिच्यापुढं सरकवले. ‘घे. तुझी आई आहे, तूच विचार.’

यिन्चू त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. काढू का, असं तिला पुन्हा विचारवेना. दर वेळी सामान बांधून झालं की आई दारात उभी राहून मागं न बघता जे म्हणायची, तेच तिच्या तोंडी आलं. ‘चल, निघू या?’ तिनं टाकले. एक उताणा, एक पालथा. लगेच, डोलणं नाही, फिरणं नाही. ती दुसऱ्यांदा टाकायला उचलू लागली तर काकू म्हणाल्या, ‘पुरे. तीनदा घरच्यांना विचारायचं असतं. पाहुण्याला एकदाच.’ फळी तूच उघड, म्हणाल्या, तुझ्या हाताला सवय आहे. आणि हा टोमणा यिन्चूनं मान खाली घालून घेतला. पट्टी मागं भिंतीशी होती तशीच होती, रंगानं मात्र इतर पट्ट्यांसारखी झाली होती, धुरानं, तपकिरी. यिन्चूच्या हातात आली तेव्हा पट्टीला चंदनाचा वास येत होता. नंतर काकूंनी येता का म्हणून विचारलं, आणि हो, हो, हो, तीन मिनिटांत सगळं आटोपलं. च्यामिंगनं टाळी वाजवली आणि लगेच हात खिशात घातले.

तिला वाटलं होतं काकू म्हणतील, राहा. अगदी जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत तिला वाटत होतं. काकू तसं म्हणाल्या नाहीत. च्यामिंग म्हणाला, नव्या वर्षाचा सण होऊ दे, मग सावकाश दुसरं घर बघा, मार्चपासून पार्कातले लोक यायचेत. पेटी लाल कापडात बांधून, छत्री धरून, प्रत्येक वळणावर ‘जिना आहे, सांभाळा’ असं पितरांना मोठ्यांदा सांगत त्यांनी ती गाडीत मागच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. काकू पुढं बसल्या, मग दार उघडून पुन्हा उतरल्या, वाऱ्यात जाकीट फडफडत तिच्यापाशी आल्या आणि हातात एक लाल पाकीट कोंबलं, सणाला मुलांना देतात तसलं. आत पैसे नव्हते. रक्षापात्रातली चिमूटभर राख होती. ‘सात वर्षं तिनं उदबत्ती लावलीय त्यात,’ त्या म्हणाल्या. ‘तिचं तिला ने.’ आणि तिच्याकडे न बघता गाडीत जाऊन बसल्या.

त्या तिमाहीचं पत्रक यिन्चूनं वेळेवर दिलं. पार्काच्या आसपास अकरा टक्के वाढ; हूकोऊकडे सहा; चौदा हजारांत तीन मजले अशी नोंद जिल्ह्यात आता कुठंच नाही. कल टिकून राहील, असं तिनं लिहिलं. वाटतं लिहिलं नाही. जानेवारीत ती शनिवारी-रविवारी घरं बघत हिंडली. फोनवर आधी वय विचारत, मग नवरा. सत्तेचाळीस म्हटलं की खोली कालच गेलेली असे. हूकोऊच्या बाजारामागच्या एका जिन्यावर, तिसऱ्या रविवारी, लोकरीची टोपी घातलेला एक म्हातारा किल्ल्यांचा जुडगा घेऊन तिच्या पुढं चढला. एक खोली, एक खिडकी. तिनं नळ सोडून बघितला. भिंतीला तळहात लावला. कपाटाचं दार उघडून आत डोकं घातलं, तेव्हा म्हातारा मागून सांगत होता, ‘कुत्रा नको. देव्हारा नको, धूर भिंतीला धरतो. बाकी तुम्ही आणि तुमचं नशीब. किती माणसं?’

तिच्या मानेतला तो ताठरपणा आला, आणि गेला. पिशवीत, लाल पाकिटाला चिकटून, पट्टी होती. तिनं पिशवीवर हात ठेवला.

‘दीड,’ ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्या मागं बघितलं. जिन्यात वाकून बघितलं. ‘मूल कुठं आहे?’

‘गप्प असते,’ यिन्चू म्हणाली. ‘त्रास नाही व्हायचा.’